अण्णा, तुमचा तो बॉक

अण्णा, तुम्ही गेल्यावर मला सगळ्यात आधी आला तो राग. रडू नंतर आलं. भांडण अर्धं टाकून असं कोणी निघून जातं का? रविवारी चहाच्या वेळी मी म्हटलं होतं, "अण्णा, हे मला पटलेलं नाही, यावर आपण नीट बोलायचंय," आणि तुम्ही कपात बिस्कीट बुडवत म्हणालात, "बोलू की. मी कुठे पळून चाललोय?" मंगळवारी सकाळी दात घासता घासता खाली बसलात ते बसलातच. प्रसाद म्हणतो, अण्णा सुटले, त्रास झाला नाही. झाला नाही, खरंय. पण मी मात्र अडकले ना! डोक्यात तयार करून ठेवलेली उत्तरं आता कोणाला देऊ?

म्हणून आता एकटीच बोलणार आहे. तुम्ही ऐका. तसंही सासरे म्हणून तुमचा तो एक मोठा गुण होता, सून बोलायला लागली की तुम्ही चष्मा काढून ठेवायचात आणि खरोखर ऐकायचात. तुमच्या मुलाला ते अजून जमलेलं नाही.

साताऱ्यात तुमची ख्याती काय होती, तर अण्णांना "नाही" म्हणता येत नाही. कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलंत, पण नो हा शब्द तुमच्या तोंडून कोणी ऐकला नाही. वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण, चला अण्णा. कोणाच्या तरी न वाचवणाऱ्या कवितांना प्रस्तावना, द्या अण्णा. पोट फुटायची वेळ आली तरी तिसरी पुरणपोळी, घ्या अण्णा. आई म्हणायच्या, "ह्यांना कोणी विहिरीत उडी मारा म्हटलं, तर हे एवढंच विचारतील की कोणत्या?" आई गेल्यावर तर गावाला रानच मोकळं मिळालं.

पण मला तुम्ही पहिल्यांदा कळलात ते एका नकारामुळेच. माझ्या नकारामुळे. आठवतंय ना? पुण्याला आमच्या घरी पोहे झाले, प्रसादशी गच्चीवर बोलणं झालं आणि आठवड्याने मी नाही कळवलं. कारण काही फार मोठं नव्हतं, तो सारखा स्वतःच्या प्रोजेक्टबद्दल बोलत होता एवढंच. आमच्या घरात हलकल्लोळ. इतकं चांगलं स्थळ, मुलगी शेफारली, वगैरे. मध्यस्थ बाईंनी तुम्हाला फोन केला की मुलीची समजूत काढतो, जरा थांबा. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "समजूत कसली काढता? तिला विचारलं, तिने सांगितलं. मग विचारलंत कशाला?" हे माझ्या कानावर आलं आणि मी थक्क झाले. माझं "नाही" कोणीतरी जसंच्या तसं उचलून जागेवर ठेवलं होतं. असा माणूस ज्या घरात आहे ते घर एकदा बघावं तरी, असं वाटून मीच होऊन दुसऱ्यांदा भेटायला तयार झाले. प्रसादला अजून वाटतं त्याचा फोटो आवडला.

तर असे तुम्ही या वसंतात टोकियोला, हिगाशी-कसाईला आमच्याकडे आलात. आम्ही दोन हजारच्या आगेमागे आलेल्या लाटेतले. प्रसाद एका कंपनीत, मी दुसरीत, दोघंही सॉफ्टवेअर, आणि ईरा रांगत होती तेव्हाची आता चौथीत. बिल्डिंगमध्ये संध्याकाळी एका मजल्यावर सांबार शिजतं, दुसऱ्यावर फोडणीचा भात, आणि खालच्या मजल्यावरच्या तानाका आजी नाक उडवत पण हसत म्हणतात, आज कोणाकडे काय आहे? सगळं बस्तान बसलेलं होतं. आणि आम्ही ते उठवायला निघालो होतो.

प्रसादने पुण्याच्या ऑफिसात बदली मागितली होती, ती मिळालीही होती. जूनमध्ये ईराची शाळा पुण्यात सुरू होणार होती. कोणी विचारलं का जाताय, की आमचं ठरलेलं उत्तर होतं: अण्णा एकटे आहेत. हे ऐकल्यावर कोणी पुढे काही विचारत नसे. जपानी माणसं तर मान लववून म्हणायची, आई-वडिलांसाठी जाताय, धन्य आहे. मलाही जायचं होतं, मी लपवत नाही. माझी आई पुण्यात, बहीण पुण्यात. शिवाय ईरा आम्ही मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायची, ते मला खुपायचं. तुम्ही आलात ते सामान बांधायला मदत करायला आणि सगळ्यांना घेऊन परत जायला. निदान आमची तशी समजूत होती.

आल्यावर चार दिवसांत तुम्ही कचऱ्याचं शास्त्र शिकलात. जळणारा कधी, न जळणारा कधी, बाटल्यांची झाकणं वेगळी. मी अजून चुकते. मग रविवारी आम्ही तुम्हाला सायकलींवरून आराकावाच्या काठावर नेलं. तिथे नदीच्या तटाखाली ओळीने मैदानं आणि त्यातल्या एकावर ईराची बेसबॉलची टीम. टीमचे कोच इशिकावा-सान, साठीचे, बोलायला कमी. तिथली पद्धत अशी की मुलांच्या आयांनी पाळीपाळीने यायचं आणि सगळ्यांना थंड चहा द्यायचा, भाजलेल्या जवाचा. त्या दिवशी माझी पाळी होती. तुम्ही माझ्या हातातून थर्मास काढून घेतलात. "मला दे. मला इथे दुसरं काय येतंय?" कानटोपी, खाली स्पोर्ट शूज, आणि वाकून प्रत्येक पोराला कप देणारे तुम्ही. आया तोंडावर हात धरून हसत होत्या. पुढच्या रविवारी दुसऱ्या आईची पाळी होती, तरी तिने थर्मास आपणहून तुमच्याकडे आणून दिला. तुम्हाला नाही म्हणता येत नाही ही बातमी तिथवर पोचली होती बहुतेक.

आणि मग ती मॅच. ईरा चेंडू टाकत होती. समोरच्या टीमचा एक मुलगा तिसऱ्या बेसवर, एक पाय पुढे टाकून पळायच्या तयारीत. ईराने हात मागे घेतला, अंग वळवलं, आणि मधेच थांबली. चेंडू हातातच. पंच ओरडला, "बोऽक!" टाकायला लागून मधेच थांबलं की पडतो तो दंड. आणि तो तिसऱ्या बेसवरचा मुलगा ऐटीत चालत होम बेसवर आला. रन गेली. आपल्या बाजूला चिडीचूप.

आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत उभा राहिला. तुम्ही! "मुग्धा, काय म्हणाला तो? बॉक? आपला बॉक?" टॉक आणि वॉकसारखा, एल लिहायचा पण म्हणायचा नाही असा तो बॉक, तुमचा विद्यार्थ्यांना छळायचा लाडका शब्द, तो टोकियोतल्या नदीकाठी एका पंचाच्या तोंडून आला म्हणून तुम्हाला ब्रह्मानंद झाला होता. नातीला दंड झालाय हे तुमच्या गावीही नव्हतं. मी तुमचा सदरा ओढून खाली बसवलं. मॅच संपल्यावर तुम्ही जाऊन त्या पंचाला कमरेत वाकून नमस्कार केलात. तो गोंधळून तुमच्याहून जास्त वाकला. मग तुम्ही आणखी. इशिकावा-सान मधे पडले म्हणून थांबलात, नाहीतर दोघं अजून तिथेच असता. आणि ईरा लालबुंद होऊन मला म्हणाली, "हाझुकाशिई!" लाज आणली आजोबांनी.

परतताना सायकली हातात धरून आपण तटावरून चालत आलो. ती रुसून पुढे, तुम्ही तिच्या मागे, मी सगळ्यात मागे. तुम्ही तिच्या पाठीला उद्देशून सुरू केलंत.

"ईरा, रागवू नकोस. तू आज हजार वर्षांच्या म्हाताऱ्या शब्दाला मैदानात आणलंस. बॉक म्हणजे मुळात काय, माहितीये? बांध. दोन शेतांच्या मधली नांगर न घालता सोडलेली पट्टी."

"मोत्ताइनाई," ती मागे न बघता म्हणाली. म्हणजे, वाया गेली ना जागा.

हा एक जपानी शब्द तुम्हाला आधीच पाठ होता. "वाया कुठली? अगं, शेतात पाय टाकलास तर मार खाशील, पण बांधावरून कोणीही जावं. बोरं बांधावर, गवत बांधावर, दुपारची भाकरी बांधावर. दोन भावांची शेतं दोन आहेत हे कळतं ते बांधामुळे. बरं, पुढे हाच शब्द घरात शिरला. छप्पर पेलणारं जाड लाकूड असतं ना, तुळई, तिलाही बॉक. मग त्या तुळईवर कोणीतरी उंच माणसाने डोकं आपटून घेतलं असणार, कारण नंतर अडथळ्यालाच बॉक म्हणायला लागले."

ती हसली. पाठमोरी होती, पण खांदे हलले.

"मग अडथळ्यापाशी येऊन घोडा थबकतो. टाच मारा, चाबूक मारा, जाम पुढे जात नाही. ते थबकणंही बॉक, आणि ते नाही म्हणणंही बॉक. नांगरताना चुकून सुटलेला तुकडा, बॉक. आमच्या साताऱ्याच्या क्लबात बिलियर्डच्या टेबलावर एक रेघ असायची, तिच्या मागची जागा, तीही बॉक. आणि एवढं सगळं फिरून हे म्हातारबाबा तुझ्या हातात येऊन बसले."

अण्णा, मी सगळ्यात मागे चालत होते आणि आ वासून ऐकत होते. इंग्रजी मी रोज पोटासाठी वापरते. मेल लिहिते, मिनिट्स लिहिते, शब्द म्हणजे माझ्या लेखी निरोप पोचवायची सोय. एका शब्दाच्या आत शेत असतं, घराचं छप्पर असतं, हट्टी घोडा असतो, हे मला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. जे लाकूड घर पेलतं त्याचंच नाव वाट अडवणाऱ्या धोंडीला! ज्यांनी हा शब्द पहिल्यांदा शेतात उच्चारला त्या माणसांना कुठे ठाऊक होतं की तो इथवर येईल, आणि एक सातारकर म्हातारा तो ऐकून टाळ्या पिटेल. समोर नदी रुंद पसरली होती, पुलावरून ट्रेन जात होती, आणि माझ्या अंगावर काटा आला. तसं मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. आता सांगते.

ईराने सायकल थांबवली आणि वळून तुम्हाला जपानीत काहीतरी विचारलं. मी भाषांतर करायला पुढे झाले, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. तुम्हाला शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला होता असं मला वाटतं. तरी मी सांगितलं: ती विचारतेय, टाकायला सुरुवात केली, आणि आतून वाटलं की नको, तर काय करायचं?

"खेळात दंड पडतो," तुम्ही म्हणालात.

"आणि खेळ नसेल तेव्हा?" हे तिने मराठीत विचारलं होतं. माझ्या नंतर लक्षात आलं.

"तेव्हाही दंड पडतो, बाळा. पण थांबता येतं."

ती "हं" म्हणाली आणि सायकलवर टांग टाकून निघाली. मला वाटलं विषय बेसबॉलचा आहे.

त्यानंतरचा तो रविवार, बिस्किटाचा. घरात खोकी अर्धी भरलेली, तुमची खुर्ची दोन खोक्यांच्या मधे. प्रसाद आनंदात होता. पुण्यातला फ्लॅट, त्याला लागून तुमच्यासाठी खोली, बाल्कनीत झाडं. म्हणाला, "अण्णा, सगळं तुमच्यासाठीच तर चाललंय." तुम्ही कप खाली ठेवलात.

"माझ्यासाठी नको."

इतकं शांतपणे म्हणालात की प्रसादला वाटलं, तुम्ही भिडस्तपणाने बोलताय. तो हसला. "अहो, आम्हाला त्रास कसला त्यात?"

"प्रसाद, मी नको म्हणतोय. तुम्हाला जायचं असेल तर स्वतःच्या जिवासाठी जा. माझं नाव पुढे करू नका. तुम्ही पुण्याला आलात तरी मी साताऱ्याहून हलणार नाही."

जन्मात पहिल्यांदा नाही म्हणालात आणि ते कोणाला, तर पोटच्या मुलाला! तो पांढरा पडला. मग मी मधे पडले. त्याआधी तुमच्याशी इतक्या मोठ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, सगळं झालंय, बदली झाली, शाळा झाली, खोकी भरली, आता कुठे घोडं पेंड खातंय? म्हटलं, रात्रीबेरात्री तुम्हाला काही झालं तर आम्ही इथून काय फोनवर पाणी पाजणार?

तुम्ही म्हणालात, "ईराला विचारलंत?"

"सांगितलं ना तिला. हो म्हणाली ती."

"काय म्हणाली नेमकं?"

"हाई म्हणाली."

तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, "तू तुझ्या पुण्याच्या टीमला रोज फोनवर काय ओरडून सांगतेस? की क्लायंट हाई म्हणाला तर हुरळू नका, तो फक्त ऐकतोय, कबूल झालेला नाही."

हे मात्र लागलं हं, अण्णा. कारण तेच माझं काम, तिकडचं इकडे नीट पोचवायचं, आणि पगार त्याचाच. मी फणकारले, "नऊ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? मुलं रुळतात." मग ते, की बोलू नंतर, आणि ते बिस्कीट.

माझं म्हणणं अजून तेच आहे. वयाच्या त्या टप्प्यावर माणसाने एकटं राहू नये. तुम्ही आमच्या वाटेत आडवे पडलात आणि वर हसत होतात, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आताही पूर्ण पटत नाही. फक्त एवढंच कळत नाही की जो माणूस तिसरी पुरणपोळी नाकारू शकत नव्हता, त्याने स्वतःच्या म्हातारपणाची सोय एका शब्दात कशी नाकारली. एवढं बळ कुठे ठेवलं होतंत इतकी वर्षं?

मंगळवारचं मी पुन्हा सांगत नाही. पण दहन झाल्यावरचं तुम्हाला सांगायला हवं, तुम्हाला आवडलं असतं. इथे अस्थी आपल्यासारख्या सावडत नाहीत. एका स्वच्छ खोलीत नेतात, ओट्यावर पांढऱ्या अस्थी मांडलेल्या असतात, आणि घरच्यांच्या हातात लांब चॉपस्टिक्स देतात. दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलायची आणि कलशात ठेवायची. पायांपासून सुरुवात करायची, म्हणजे माणूस कलशात उलटा होत नाही, नीट बसतो. पांढरे हातमोजे घातलेला तिथला माणूस इतक्या अदबीने एकेक सांगत होता, जणू तुम्ही ऐकताय. प्रसादच्या चिमटीत काही येईना. तेव्हा ईरा शेजारी आली. ती बालवाडीपासून चॉपस्टिक्सने जेवते. तिने त्याच्याबरोबर तुम्हाला उचललं. एकही अस्थी निसटली नाही. शेवटी मानेतलं एक छोटं हाड. तो माणूस म्हणाला, हे नीट बघा, ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसतं, हे सगळ्यात शेवटी ठेवायचं. आम्ही वाकून बघितलं, आणि खरंच दिसत होतं. तुमच्या गळ्यात इतकी वर्षं कोणीतरी शांत बसलेलं होतं. एवढ्या लहान मुलीला तिथे नेलं हे साताऱ्याला कळलं असतं तर बोंब झाली असती. आम्ही कळू दिलं नाही.

प्रसादने मात्र भलतंच मनावर घेतलं. म्हणाला, आता तर जायलाच हवं. ते असताना पोचलो नाही, निदान घराला कुलूप तरी पडायला नको. खोकी पुन्हा भरायला लागली. मी खोक्यांना टेप लावत राहिले. तुम्हीच नव्हतात तर मी भांडू कोणाशी?

अस्थी भारतात न्यायचे दाखले हातात येईपर्यंत दहावा दिवस आला. साताऱ्याच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, नदी आहे ना जवळ? मग करा तिथेच, कावळा शिवला की झालं. सकाळी आम्ही तिघं आराकावावर गेलो. पिंडाला भात इथला, चिकट, असा सुरेख वळला गेला की काय सांगू. कागदी ताटलीत ठेवला, तीळ घातले, आणि मागे सरून उभे राहिलो.

अण्णा, टोकियोचे कावळे तुम्ही बघितलेत. कोंबड्याएवढे. कचऱ्यावरची जाळी फाडून माशाचं डोकं पळवतात, माणसाला हट म्हणू देत नाहीत. एक लगेच आला. ताटलीभोवती चालला, मान वाकडी करून पाहिलं, आणि जाऊन मैदानाच्या जाळीच्या खांबावर बसला. भाताला चोच नाही.

"आला का कावळा?" फोनवर गुरुजी.

"आलाय. पण शिवत नाही."

"परका कावळा आहे, त्याला वेळ लागायचा. त्यांची काही इच्छा राहिली असेल, ती बोला."

प्रसाद हात जोडून बोलायला लागला. अण्णा, तुमची पुस्तकं रद्दीत जाऊ देणार नाही. कावळा ढिम्म. अण्णा, वर्षश्राद्ध साताऱ्यालाच करू. कावळ्याने पंख साफ केले. मग प्रसाद एक पाऊल पुढे सरकला. "अण्णा, आम्ही परत येतोय. ठरल्याप्रमाणे, याच महिन्यात. घर उघडं ठेवतो. आता तरी शिवा." कावळा खांबावरून उडाला आणि आणखी लांबच्या खांबावर जाऊन बसला. मी पुढे झाले, म्हटलं, ईराचं मराठी सुटू देणार नाही. काही उपयोग नाही. कुत्रा फिरवायला आलेले एक गृहस्थ थांबले, काय चाललंय ते बहुधा त्यांना कळलं, टोपी काढून वाकले आणि गेले. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावा." आता आराकावावर दर्भ कुठून आणू?

प्रसाद घामाघूम झाला होता, डोळे लाल. त्याने ईराकडे पाहिलं. ती इतका वेळ उतारावर बसून बुटाच्या नाडीशी खेळत होती. "तू सांग गं आजोबांना काहीतरी," तो म्हणाला.

ती उठली. पिंडाकडे गेलीच नाही. बाबासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला नाही जायचं."

मराठीत. स्वच्छ.

फोनमध्ये गुरुजी हॅलो हॅलो करत होते. प्रसादने फोन बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसला. "का गं?" त्याने विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला आम्ही दोघांनीही विचारला नव्हता. ती बोलायला लागली. अर्धं मराठी, अर्धं जपानी, मधे हुंदके. टीमबद्दल, शेजारच्या मैत्रिणीबद्दल, पुण्याची भावंडं तिच्या मराठीला हसतात त्याबद्दल. प्रसाद म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"आजोबा एकटे राहिले असते म्हणून."

अण्णा, तुम्ही तिच्यासाठी नाही म्हणत होतात, आणि ती तुमच्यासाठी गप्प बसली होती. एका घरात, एका टेबलाशी, आणि आमच्या दोघांच्या मधे बसून. प्रसादने तिला जवळ ओढलं आणि ओक्साबोक्शी रडला, दहा दिवसांत पहिल्यांदा. "नाही जायचं," तो म्हणाला. "नाही जात आपण." मीही त्या दोघांशेजारी गवतात बसले. ती बोलतच होती, थांबायलाच तयार नव्हती, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो.

बऱ्याच वेळाने मी मान वळवली तर ताटली कलंडलेली होती आणि भात अर्धा संपला होता. कावळा कधी शिवला, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.